परसातील मुलाचा वाफा

जून महिन्याच्या सात-आठ तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि महाराष्ट्रात घरोघरी पेरणीचे विचार सुरू होतात. शेतकऱ्याची गोष्ट राहोच. पण शहरातील गृहिणीसुद्धा या दिवसांत परसातील आळी उकरते, कुंड्यांतील माती बदलते आणि डब्यात जपून ठेवलेल्या भोपळ्याच्या व दोडक्याच्या बिया बाहेर काढते. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की, नोकरीच्या निमित्ताने बिऱ्हाड शेकडो मैल दूर गेले तरी ती सामानाबरोबर जाते. चेन्नईच्या उत्तरेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, आंध्र प्रदेशच्या सीमेजवळ गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. अशा ठिकाणी एखादे मराठी कुटुंब राहावयास गेले आणि त्याने आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातून मृगावर बी पेरविले, तर काय होईल?

मूल रोज सकाळी वाफ्यापाशी जाऊन बसेल. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब दिसतील, तेव्हा त्याच्या आनंदाला पारावार राहणार नाही. पंधराव्या दिवशी ते कोंब माना टाकू लागतील. आता पाऊस येईल, मग सगळे ठीक होईल, असे मोठी माणसे त्याला सांगतील. आकाशात ढगही दिसतील, एखादी सर येऊन जाईलही. परंतु मोठ्या माणसांच्या मनातला पाऊस तेथे येण्यास अजून चार महिने अवकाश असेल. वाफा वाळून जाईल. मूल या प्रसंगातून जो धडा घेईल तो वनस्पतिशास्त्राचा नसेल. घरची माणसे सांगतात तसे घडत नाही, एवढेच त्याच्या ध्यानी येईल. आणि पुढच्या वेळी त्याच्या हाती बी दिले तर ते पूर्वीच्या विश्वासाने पेरणार नाही. लहान मुलाबरोबर बाग करावयाची असेल तर पहिली गोष्ट सांभाळावयाची ती ही. मुलाला दिलेला शब्द मातीने पाळला पाहिजे, आणि तो कोणती माती केव्हा पाळील हे ठरविणे मोठ्यांचे काम आहे.

गुम्मिडिपूंडीचा पाऊस वेगळा का, हे समजून घेणे कठीण नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात आणि आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर रिते करतात. पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचताना त्यांच्यापाशी थोडेच शिल्लक उरते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वाऱ्यांची दिशा उलटते. ते ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि तमिळ किनाऱ्याला भिजवितात. चेन्नईच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. पुण्यात ज्या दिवसांत गुलाबी थंडी पडू लागते, त्याच दिवसांत येथे अंगणात गुडघाभर पाणी साचू शकते.

तेथील शेतकऱ्याचे पंचांग अर्थातच या पावसाला धरून बनलेले आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा आडि महिना हा तमिळ शेतकऱ्याचा पेरणीचा काळ. आडिचा हंगाम शोधून बी टाकावे, अशा अर्थाची म्हणच तेथे रूढ आहे. जानेवारीच्या मध्यास, पोंगलच्या सणाने सुरू होणारा थै महिना हा दुसरा हंगाम. मे महिन्यातील अतिशय कडक उन्हाच्या तीन-साडेतीन आठवड्यांना तेथे अग्निनक्षत्र किंवा कत्तिरि म्हणतात. हा काळ कृत्तिका नक्षत्राच्या आगेमागे येतो. आकाशातील नक्षत्रे तीच, सूर्याचा मार्गही तोच. पण कोकणच्या आणि देशावरच्या माणसाने त्यांतून जो अर्थ काढला त्याहून पूर्व किनाऱ्याच्या माणसाने वेगळा अर्थ काढला, कारण त्याच्या दाराशी पाऊस दुसऱ्या वाटेने येत होता. सतराव्या शतकात तंजावरास मराठ्यांचे राज्य झाले, तेव्हापासून तमिळ देशात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांनाही हे नवे पंचांग शिकावेच लागले असले पाहिजे. आज जाणाऱ्या कुटुंबाने ते शेजारच्या पाट्टीला, म्हणजे आजीबाईला, विचारावे हे उत्तम.

या पंचांगाप्रमाणे परसबागेचे वर्ष असे मांडता येते. आडिमध्ये, हातचे पाणी घालून, भेंडी, गवार आणि चवळी पेरावी. वांगी व मिरची यांचे रोप टाकावे. पावसाला सुरुवात होईपर्यंत या झाडांची मुळे घट्ट बसलेली असतात. ऑक्टोबरनंतर बारीक बी पेरू नये. एका रात्रीत शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस झाला की ते वाहून जाते किंवा कुजते. डिसेंबरच्या अखेरीस आभाळ निवळले म्हणजे पालेभाज्या, मेथी, कोथिंबीर, मुळा आणि टोमॅटो यांची पाळी येते, आणि मार्चपर्यंत घरास भाजी मिळत राहते. एप्रिल ते जून हे तीन महिने जमिनीला विश्रांतीचे. कढीपत्ता, शेवगा, पुदिना यांसारखी टिकाऊ झाडे नारळाच्या झावळ्यांच्या सावलीखाली तेवढी जगवावीत, वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि मुलाबरोबर बिया वाळवाव्यात.

ऋतूचा हिशोब झाला म्हणजे मुलाचा हिशोब करावा लागतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला आठवडा हा फार मोठा काळ वाटतो आणि महिना तर कल्पनेपलीकडचा. वांग्याचे बी पेरून अडीच-तीन महिने वाट पाहावयास सांगणे म्हणजे त्याला वाफा विसरावयास सांगण्यासारखेच आहे. म्हणून मुलाच्या वाफ्यात निरनिराळ्या गतीची पिके एकाच वेळी असावीत. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून टाकले तर तीन-चार दिवसांत वर येतात. मुंबईच्या किनाऱ्याजवळ रेताड जमिनीत वाढविलेली इवलीशी समुद्रमेथी मराठी स्वयंपाकघरांना परिचित आहे. ती दहा-पंधरा दिवसांत मुळासकट उपटून खाता येते, आणि कुंडीत थोडी रेती मिसळली की ती कोठेही होते. मुलाची पहिली कमाई ही असावी. त्यानंतर माठाची पाळी. तमिळ देशात माठाच्या वर्गातील भाज्यांचे कितीतरी प्रकार आहेत व पालेभाजीला सामान्यपणे कीरै म्हणतात. यांतील मुळैक्कीरै तीन-साडेतीन आठवड्यांत मुळासकट उपटतात, तर अरैक्कीरै वरून खुडली की पुन्हा फुटते. खुडूनही न संपणारी भाजी पाहिली म्हणजे मुलाला झाडाच्या जिवंतपणाची जी प्रचीती येते, ती पुस्तकातील चित्राने येत नाही.

भेंडी हे तर मुलासाठीच निर्माण झालेले पीक म्हणावे लागेल. बी वाटाण्याहून लहान, तरी चिमटीत धरण्याइतके मोठे असते. आठवड्याच्या आत ते उगवते. सुमारे चाळीस दिवसांनी पिवळे, मध्ये जांभळा डाग असलेले फूल येते. आणि फूल गळाल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडण्याजोगी होते. त्यापुढे दोन-तीन दिवस उशीर झाला तर ती जून होऊन दोऱ्यासारखी चिवट लागते. वेळेवर लक्ष देणे म्हणजे काय, हे मुलाला भेंडी दटावल्यावाचून शिकविते. कोथिंबिरीतही अशीच एक मौज आहे. धण्याचा प्रत्येक गोल दाणा म्हणजे दोन बियांची जोडी असते. चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दाणे फोडणे हे काम मूल तासभर आनंदाने करते, आणि असे फोडलेले धणे चांगले उगवतात.

वाफ्याचे मापही मुलाच्या अंगावरून घ्यावे. पाच वर्षांच्या मुलाचा हात सव्वा-दीड फुटापलीकडे पोचत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी जाता येईल असा अडीच फूट रुंदीचा वाफा केला, तर मुलाला आत पाय न टाकता मध्यापर्यंत हात घालता येतो व माती तुडविली जात नाही. गुम्मिडिपूंडीसारख्या गावी वाफा जमिनीपासून वीतभर उंच असणे आवश्यक आहे, नाहीतर कार्तिकातील पावसात त्याचे तळे होते. बी किती खोल पेरावे याचा साधा नियम असा की, बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. भेंडी, चवळी यांच्यासाठी मुलाच्या बोटाचे पहिले पेर हे माप पुरेसे होते. पाण्यासाठी मोठी झारी न देता लहानशी लोटी द्यावी. ती चार वेळा भरून आणण्यातच मुलाला काम केल्याचे समाधान मिळते आणि झाडाला बेताने पाणी मिळते. समुद्र व पुलिकतचे सरोवर जवळ असल्याने या भागातील काही विहिरींचे पाणी मचूळ असते. अशा पाण्यावर घेवड्यासारखी नाजूक पिके धरत नाहीत. तेव्हा पावसाचे पाणी पिंपात साठवून ते रोपांसाठी राखून ठेवणे श्रेयस्कर होय.

आणखी एका गोष्टीकडे या गावी डोळेझाक करता येत नाही. गुम्मिडिपूंडी हे केवळ भातखाचरांचे गाव राहिलेले नाही. तमिळनाडूच्या राज्य उद्योग प्रवर्तन महामंडळाची, म्हणजे सिपकॉटची, मोठी औद्योगिक वसाहत तेथे आहे आणि चेन्नईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो. कारखाने, रहदारी आणि जुन्या रंगाच्या पोपडे निघालेल्या भिंती यांच्या शेजारची माती कोणत्याही गावी शिशाने दूषित झालेली असू शकते. शिसे मोठ्यांपेक्षा लहानांना अधिक घातक असते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाचपट अंश शोषून घेऊ शकते, आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. हे विष भाजीतून जाते त्याहून अधिक, मातीने माखलेल्या बोटांवाटे तोंडात जाते. नेहमीच्या माती-परीक्षणात शिशाची तपासणी होत नाही. ती वेगळी मागून घ्यावी लागते. शंका असेल तेथे परसातील माती न वापरता बाहेरून आणलेली स्वच्छ माती, कुजलेले शेणखत व धुतलेला काथ्याचा भुसा यांनी भरलेल्या कुंड्यांत किंवा पिशव्यांत बाग करावी. तमिळनाडूच्या फलोद्यान खात्याने गच्चीवरील भाजीपाल्यासाठी बियाणे, पिशव्या व काथ्याचा भुसा यांचे संच सवलतीने दिलेले आहेत. जमिनीतच लावावयाचे असेल तर कंद व पालेभाज्या टाळून भेंडी, वांगी, शेवग्याच्या शेंगा अशी फळे घ्यावीत, कारण फळांत शिसे सर्वांत कमी उतरते. काम संपल्यावर साबणाने हात धुणे हा तर बागकामाचाच शेवटचा भाग मानावा.

अशीच दक्षता पाण्याविषयी घ्यावी लागते. कुंड्यांखालच्या बशांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक वार ठरवून त्या दिवशी सर्व बशा पालथ्या करण्याचे काम मुलाकडे सोपवावे. आपल्या हातून घरादाराचे रक्षण होत आहे, ही जाणीव लहान वयातही मोठी असते.

औषधी वनस्पतींचा कोपरा परसबागेत असावाच. तुळस, गवती चहा, पुदिना, आले आणि पानओवा एवढ्या गोष्टी पुरे. पानओव्याला तमिळ देशात कर्पूरवल्ली म्हणतात व सर्दी-खोकल्यावर घरोघरी त्याचा काढा देतात. या वनस्पती मुलाला नाकाने ओळखता येतात. डोळे मिटून पान चुरगळावे आणि नाव सांगावे, हा खेळ फार उपयोगी पडतो. पण याच कोपऱ्यात मुलाला पहिला कडक नियमही शिकवावा लागतो. घरातील मोठ्या माणसाने नाव सांगून हाती दिल्याखेरीज कोणतेही पान, फळ अथवा बी तोंडात घालावयाचे नाही. कण्हेर, धोत्रा, एरंडाच्या बिया आणि लालचुटुक गुंजा या आपल्या कुंपणांवर सहज आढळतात, आणि यांतील प्रत्येक गोष्ट विषारी आहे. मिरची तोडण्याचे कामही मोठ्यांनीच करावे. तिखट लागलेली बोटे डोळ्यांकडे जावयास वेळ लागत नाही.

मुलाला बागेत वाटा द्यावा ही कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. या नावातील बाग केवळ अलंकारिक नव्हती. फ्रोबेल यांच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा असे, आणि सर्वांच्या सामाईक वाफ्यांनी त्याला वेढलेले असे. मारिया माँटेसोरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या व महायुद्धाची वर्षे त्यांनी भारतातच काढली; अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. झाडांची जोपासना केल्याने मुलात दूरदृष्टी आणि धीर हे गुण आपोआप येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षण खेड्यांच्या अंगणापर्यंत नेले. महागडी साधने नसली तरी अंगण, माती, पाने आणि बिया ही मुलाची साधने होऊ शकतात, हे या दोघींनी प्रत्यक्ष करून दाखविले.

यांतील फ्रोबेल यांची युक्ती घरच्या बागेलाही लागू पडते. बाग घराची असावी, पण तिच्या मध्ये एक वाफा खरोखर मुलाचा असावा. खरोखर म्हणजे असे की, त्यात काय लावावयाचे हे मुलाने ठरवावे आणि तेथील चूकही त्याची राहू द्यावी. पुष्कळ घरांत मूल झोपल्यावर वडील त्याच्या वाफ्यातील गवत काढतात, सुकलेले रोप उपटून त्या जागी दुसरे लावतात आणि सकाळी कौतुक मात्र मुलाचे होते. हेतू चांगला असतो; परंतु मुलाला हे फार लवकर कळते आणि मग तो वाफा त्याचा राहत नाही. ऋतू चुकला तर दोष मोठ्यांचा; पाणी घालावयास विसरले तर दोष मुलाचा. ही विभागणी स्पष्ट असली म्हणजे चार रोपे वाळली तरी मुलाची हिंमत खचत नाही. भोवतालच्या घरच्या वाफ्यातून संध्याकाळची भाजी मिळणारच असते.

कधी दोष कोणाचाच नसतो. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यास धडकले आणि हजारो वृक्ष उन्मळून पडले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाने याच पट्ट्यात मुसळधार पाऊस पाडला. अशा वेळी मुलाचा वाफा राहील अशी आशा धरणे व्यर्थ. मुलाने कारण विचारले तर वारा, समुद्र आणि पाऊस यांची खरी हकीकत त्याला सांगावी आणि थै महिन्यात पुन्हा पेरू, असा शब्द द्यावा. हा शब्द मात्र पाळता येण्याजोगा असतो, कारण पोंगलच्या सुमारास तेथील माती ओली, ऊन सौम्य आणि हवा पेरणीस अनुकूल असते.

किडीविषयीही असाच समजूतदारपणा लागतो. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती लगेच चिरडू नये. काही दिवसांत ती हिरवी होते, पुढे कोश करते आणि त्यातून फुलपाखरू बाहेर पडते. एका फांदीची पाने गमावून हा सोहळा मुलाला घरी पाहावयास मिळत असेल तर सौदा तोट्याचा नाही. भेंडीवरील मावा मात्र पाण्याच्या धारेने किंवा साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन काढावा. विषारी फवारे मुलाच्या बागेत आणूच नयेत.

हंगामाच्या अखेरीस प्रत्येक मुलाने एक काम अवश्य करावे. सर्वांत चांगल्या भेंडीच्या झाडावरील एक भेंडी दोरा बांधून बियाण्यासाठी राखावी. ती झाडावरच पिकून तपकिरी होईल, वाळेल, उकलू लागेल. मग बिया काढून, सावलीत वाळवून, कागदाच्या पुडीत राखेबरोबर बांधून ठेवाव्यात आणि पुडीवर मुलाकडून महिन्याचे नाव लिहून घ्यावे. लिहिता येत नसेल तर भेंडीचे चित्र चालेल. स्वतः वाढविलेली भाजी मुले अधिक आवडीने खातात, असे पाहण्यांतून दिसून आले आहे आणि बहुतेक आयांचा अनुभवही तोच आहे. परंतु भाजी खाऊन संपते, पुडी मात्र उरते. पुढच्या आडि महिन्यात ती पुडी उघडून मूल जेव्हा बी हाती घेईल, तेव्हा ते उगवेल की नाही हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. गेल्या वर्षी काय घडले ते त्याने स्वतः पाहिलेले असेल.